आउटफिल्डर घ्या, पण वर्षं मोजून

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधल्या लॉस एंजेलिस डॉजर्सनी लागोपाठच्या दोन हिवाळ्यांत, म्हणजे हंगाम बंद असताना, एकाच तर्काने दोन आउटफिल्डर (मैदानाच्या टोकाकडचे क्षेत्ररक्षक) घेतले. जानेवारी २०२४ मध्ये टिऑस्कर हर्नांडेझ: एक वर्ष, २ कोटी ३५ लाख डॉलर. डिसेंबर २०२४ मध्ये मायकल कॉनफोर्टो: एक वर्ष, १ कोटी ७० लाख डॉलर. दोघेही फलंदाजाला जाचणाऱ्या मैदानांवरून आलेले. सिॲटलच्या टी-मोबाइल पार्कवर २०२३ मध्ये हर्नांडेझचा ओपीएस, म्हणजे बेसवर पोचण्याचं प्रमाण आणि फटक्यांची ताकद यांची बेरीज, .६५० च्याही खाली होता. बाहेरच्या मैदानांवर तो .८०० च्या वर होता. सॅन फ्रान्सिस्कोत खेळणाऱ्या कॉनफोर्टोने २०२४ मध्ये मारलेल्या २० होम रनपैकी (चेंडू कुंपणापार धाडणारे फटके) १७ बाहेरच्या मैदानांवरचे. घरचं मैदान बदललं की उरलेला अर्धा हंगामही असाच जाईल, असा हिशेब.

हर्नांडेझने ३३ होम रन ठोकले, फटका यशस्वी होण्याची सरासरी .२७२ राखली. कॉनफोर्टो .१९९ वर अडकला, होम रन फक्त १२, आणि ऑक्टोबरच्या बाद फेरीत त्याला संघात जागाही मिळाली नाही. डॉजर्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपद, मात्र दोन्ही वर्षी जिंकली.

ऑफसीझनची चर्चा नेहमी 'कोणाला घ्यायचं' याभोवती फिरते. वर्तमानपत्रं, टीव्हीवरचे जाणकार, तिकिटं काढणारे प्रेक्षक, सगळे नावांवर भांडतात. माझं म्हणणं असं की खेळाडूच्या निवडीत पैसा बुडतो त्यापेक्षा जास्त वर्षांच्या संख्येत बुडतो. फलंदाजाचा अंदाज चुकणारच. चांगल्यातले चांगले अंदाज बांधणारेसुद्धा दर हिवाळ्यात चुकतात. चुकीची किंमत किती, हे करार किती वर्षांचा आहे त्यावर ठरतं, आणि क्लब ती वर्षं नेमक्या चुकीच्या कारणांसाठी वाढवतात.

आधी अंदाजाबद्दल, कारण तो किती ठिसूळ असतो हे पाहिल्याशिवाय वर्षांचा मुद्दा पटायचा नाही.

घर आणि बाहेर अशी आकड्यांची फाळणी फार लोभस असते. पण एका हंगामात फलंदाजाला फलंदाजीला उभं राहण्याच्या साधारण ५०० ते ६५० संधी मिळतात. फाळणी केली की प्रत्येक बाजूला अडीचशे-तीनशे उरतात. एवढ्या नमुन्यात दहा होम रन इकडचे तिकडे होणं ही मोठी गोष्ट नाही. म्हणून बाहेरचे आकडे दुप्पट करू नयेत. मैदानाचा घटक तीन वर्षांच्या सगळ्या संघांच्या आकड्यांवरून काढावा, डावखुऱ्या आणि उजव्या फलंदाजांसाठी वेगळा काढावा, आणि तो निम्माच लावावा, कारण निम्मेच सामने घरी होतात. एखादं मैदान होम रन १० टक्क्यांनी कमी करत असेल, तर तिथल्या खेळाडूच्या वर्षाच्या आकड्यात वाढ धरायची ती सुमारे ५ टक्क्यांची. कॉनफोर्टोच्या २० होम रनला एवढी सवलत दिली तर २१ होतात, ३४ नव्हे. चिन्नास्वामीवरचे षटकार बघून आयपीएलच्या लिलावात बोली चढवणाऱ्यांना यातला धोका वेगळा सांगायला नको.

मग हर्नांडेझच्या बाबतीत तोच तर्क कसा चालला? थोडं नशीब असेलच. पण दोघांच्या मागच्या वर्षांत फरक होता. हर्नांडेझने टोरांटोत २०२० च्या छोट्या हंगामात ५० सामन्यांत १६, २०२१ मध्ये ३२ आणि २०२२ मध्ये २५ होम रन मारले होते. सिॲटलमध्येही २६ मारलेच. ताकद सलग दिसत होती. कॉनफोर्टोचा ३३ होम रनचा हंगाम २०१९ मधला. त्यानंतर २०२१ मध्ये १४, २०२२ पूर्ण वाया (खांद्याची शस्त्रक्रिया), २०२३ मध्ये १५, मग २०. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्कचा दोष काढून टाकला तरी खाली मधल्या प्रतीचा फलंदाजच उरत होता.

मागची वर्षं कशी मोजायची याची सर्वांत साधी आणि अजूनही लाज न आणणारी पद्धत म्हणजे आकडेतज्ज्ञ टॉम टँगोची 'मार्सेल'. सर्वांत अलीकडच्या हंगामाला ५, त्याआधीच्याला ४, त्याआधीच्याला ३ असं वजन द्यायचं, त्यात लीगच्या सरासरी फलंदाजाच्या १२०० संधी मिसळायच्या आणि वयासाठी थोडी काटछाट करायची. अँथनी सँटँडरवर ती लावून पाहू. बॉल्टिमोरसाठी त्याने २०२२ मध्ये ६४७ संधींत ३३, २०२३ मध्ये ६५६ संधींत २८ आणि २०२४ मध्ये ६६५ संधींत ४४ होम रन मारले. वजन लावलेले होम रन ४३१, वजन लावलेल्या संधी ७,८९०. लीगमध्ये शंभर संधींमागे सुमारे ३ होम रन होतात, म्हणून १२०० संधींचे ३६ मिसळले की ९,०९० संधींत ४६७. म्हणजे ६५० संधींना ३३.

चव्वेचाळीस नव्हे, तेहतीस. कागद-पेन्सिलीने पाच मिनिटांत निघणारं हे उत्तर आहे. जानेवारी २०२५ मध्ये टोरांटोने त्याला पाच वर्षांसाठी ९ कोटी २५ लाख डॉलर दिले, आणि खरं सांगायचं तर ही किंमत ३३ होम रनच्या फलंदाजाचीच होती. ४४ च्या भुलीत ते पडले नव्हते. तरीही २०२५ मध्ये खांदा दुखावला, तो ५४ सामने खेळला, सरासरी .१७५, होम रन ६. मार्सेलला खांदा दिसत नाही. चार वर्षांचा करार अजून बाकी होता.

आकडेमोडीने जे दिसत नाही त्यातलं काही हल्ली मोजता येतं. २०१५ पासून प्रत्येक मैदानात स्टॅटकास्ट ही चेंडूचा वेग-दिशा मोजणारी यंत्रणा आहे, २०२४ पासून बॅटचा वेगही जाहीर होतो. पण सगळे आकडे सारख्या वेगाने विश्वासार्ह होत नाहीत. स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइकवर बाद होण्याचं) प्रमाण ६०-एक संधींत बऱ्यापैकी स्थिरावतं, वॉकचं (चार चुकीच्या चेंडूंवर फुकट बेस मिळण्याचं) १२० च्या आसपास. मैदानात पडलेल्या चेंडूंवरची सरासरी मात्र आठशेहून अधिक चेंडूंनंतर, म्हणजे दोन हंगाम उलटून गेल्यावर. म्हणून एखाद्याची सरासरी .२६० वरून .३०० झाली म्हणजे तो सुधारला असं समजू नये. आधी बघावं की स्ट्राइकआउट कमी झाले का, वॉक वाढले का, चेंडू जास्त जोरात जातोय का. तिन्ही जागच्या जागी असतील तर वाढलेली सरासरी बहुधा पुढच्या मे महिन्यात परत जाते.

मी सर्वांत आधी बघतो तो आकडा म्हणजे स्ट्राइक झोनच्या, म्हणजे फलंदाजासमोरच्या वैध पट्ट्याच्या, बाहेरच्या चेंडूंवर बॅट फिरवण्याचं प्रमाण. लीगमध्ये ते ३० टक्क्यांच्या जवळपास असतं. २०१२ मध्ये जॉश हॅमिल्टनने टेक्सससाठी ४३ होम रन आणि १२८ आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेल्या धावा) केले, आणि झोनबाहेरच्या सुमारे ४५ टक्के चेंडूंवर बॅट फिरवली. स्ट्राइकआउट १६२. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) झोनमध्ये चेंडू टाकण्याचं कारणच उरलं नव्हतं. एंजल्सनी ४३ आणि १२८ कडे पाहून एकतिशीतल्या या फलंदाजाला पाच वर्षांसाठी १२ कोटी ५० लाख डॉलर दिले. पुढच्या वर्षी २१ होम रन, सरासरी .२५०, एप्रिल २०१५ मध्ये पैशांचा बराच भार स्वतःकडे ठेवून त्यांनी त्याला टेक्सासला परत पाठवलं. आरबीआय हा तर आधी खेळून बेसवर पोचलेल्या सहकाऱ्यांचाही आकडा असतो, बेसवर कोणी नसेल तर तो येणार कुठून? त्याची किंमत मोजणं आता क्लबांच्या कार्यालयांत तरी थांबलंय. चाहत्यांत नाही.

जोराचं गणित तुलनेने सरळ आहे: ताशी ९५ मैल किंवा त्याहून जास्त वेगाने निघालेला चेंडू 'हार्ड हिट'. पण हार्ड हिट जमिनीवरून गेला तर सेकंड बेसमनच्या हातात जातो. जेसन हेवर्डचे २०१५ मधले निम्म्याहून अधिक फटके जमिनीवरचे होते. त्याची किंमत उजव्या मैदानातल्या क्षेत्ररक्षणात होती. शिकागो कब्जनी त्याला आठ वर्षांसाठी १८ कोटी ४० लाख डॉलर दिले ते तो मोठा फटकेबाज होईल या आशेवर; २०१६ मध्ये त्याने .२३० च्या सरासरीने ७ होम रन मारले.

कोडी बेलिंजरचं प्रकरण मला या सगळ्यात सर्वांत शिकवण्यासारखं वाटतं. २०१९ चा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), ४७ होम रन. २०२१ मध्ये सरासरी .१६५, नोव्हेंबर २०२२ मध्ये डॉजर्सनी सोडून दिला. कब्जनी एका वर्षासाठी १ कोटी ७५ लाख देऊन घेतला आणि २०२३ मध्ये त्याने .३०७, २६ होम रन केले. पुनरागमन खरं की खोटं? एका बाजूला स्ट्राइकआउटचं प्रमाण २७ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या खाली आलेलं, आणि हा पटकन स्थिरावणारा आकडा. दुसऱ्या बाजूला हार्ड हिट फक्त ३१ टक्के, लीग ३९ च्या आसपास. म्हणजे चेंडू बॅटवर येतोय पण जोर गेलेला. दोन्ही वाचनं प्रामाणिक होती, म्हणूनच बाजाराने जे केलं ते मला शहाणपणाचं वाटतं: तीन वर्षं, ८ कोटी, आणि दर वर्षी बाहेर पडण्याची मुभा. २०२४ मध्ये तो .२६६ आणि १८ होम रनवर आला. मग तो यांकीजकडे गेला आणि २०२५ मध्ये २९ मारले. तो डावखुरा, हवेतले चेंडू उजवीकडे ओढणारा. यांकी स्टेडियमचा उजवा कोपरा ३१४ फुटांवर.

यातून मैदानाचा दुसरा, जास्त उपयोगी वापर दिसतो. खेळाडू कुठून आला यापेक्षा तो कुठे जाणार हे तपासावं. त्याचे हवेतले सगळे फटके आपल्या मैदानाच्या नकाशावर ठेवून बघावेत. बॉस्टनच्या फेनवे पार्कची डावी भिंत ३१० फुटांवर पण ३७ फूट उंच. उंच उडणारा चेंडू तिथे होम रन होतो, सपाट निघालेला भिंतीवर आपटून डबल (दोन बेसचा फटका) होतो. बॉल्टिमोरने २०२२ पूर्वी डावी भिंत मागे सरकवून उंच केली तेव्हा उजव्या हाताच्या फलंदाजांचे होम रन गिळले गेले. सँटँडर दोन्ही हातांनी खेळणारा, पण बहुतेक वेळा डाव्या हाताने खेळायचा, त्याला उजवीकडची ३१८ फुटांची बाजू तशीच मोकळी राहिली. एकाच मैदानाचा दोन फलंदाजांवर उलटा परिणाम. 'हिटर्स पार्क' असा एकच शिक्का मारून काम भागत नाही.

डाव्या-उजव्या हाताचा प्रश्न तर निविदेआधीच सुटायला हवा. टायलर ओ'नीलने २०२४ मध्ये बॉस्टनसाठी ११३ सामन्यांत ३१ होम रन मारले. डाव्या पिचरविरुद्ध ओपीएस १.१८०, उजव्यांविरुद्ध फार खाली, आणि तीनपैकी एक संधी स्ट्राइकआउटमध्ये संपणारी. लीगमध्ये दहापैकी सातच्या आसपास संधी उजव्या पिचरविरुद्ध येतात. असा खेळाडू उपयोगी असतो, उजव्या पिचरविरुद्ध खेळणारा जोडीदार असेल तर. बॉल्टिमोरने त्याला तीन वर्षांचे ४ कोटी ९५ लाख दिले आणि पहिल्या वर्षी दुखापतींमुळे तो ५४ सामने खेळला.

क्षेत्ररक्षणाची जागा हीसुद्धा फलंदाजीच्या हिशेबात येते, कारण सेंटर फिल्डरच्या बॅटची तुलना वेगळ्या लोकांशी होते. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या हिशेबात सेंटर फिल्डला हंगामाला २.५ धावा जमा, डाव्या-उजव्या मैदानाला ७.५ वजा, डीएचला (क्षेत्ररक्षण न करता फक्त फलंदाजी करणाऱ्याला) १७.५ वजा, दहा धावा म्हणजे साधारण एक विजय. कायल श्वार्बरने २०२३ मध्ये .१९७ च्या सरासरीने खेळून ४७ होम रन आणि १२६ वॉक काढले. ती बॅट लाख मोलाची होती आणि डाव्या मैदानातले त्याचे पाय ते मोल कुरतडत होते. फिलाडेल्फियाने त्याला डीएच केलं, विषय संपला. तुमच्याकडे डीएचची जागा आधीच भरलेली असेल तर तुमच्यासाठी श्वार्बर हा वेगळाच, स्वस्त खेळाडू आहे.

जपान-कोरियातून येणाऱ्यांबद्दल थोडक्यात: निवडक खेळणं समुद्र ओलांडून येतं, ताकद तेवढी येत नाही. मासाताका योशिदाने २०२२ मध्ये जपानच्या ओरिक्स संघासाठी ८० वॉक आणि ४१ स्ट्राइकआउट, २१ होम रन केले होते. बॉस्टनमध्ये पहिल्या वर्षी .२८९ जमलं, होम रन १५.

आता वर्षं. तिशी ओलांडलेला, आज ३ विजयांची किंमत असलेला, म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा संघाला वर्षाला ३ विजय जास्त देणारा, आउटफिल्डर घ्या. दर वर्षी अर्ध्या विजयाची घसरण ही ढोबळ, पण बरी चालणारी रीत. पाच वर्षांत ३, २.५, २, १.५, १ असे १० विजय. खुल्या बाजारात एका विजयाला ८० ते ९० लाख डॉलर पडतात असं धरलं तर साडेआठ कोटी. सँटँडरचा करार याच्या जवळपास आहे, म्हणजे कागदावर न्याय्यच. पण त्यातले साडेसात विजय पहिल्या तीन वर्षांत येतात. शेवटच्या दोन वर्षांत अडीच विजय, म्हणजे वर्षाला सव्वा, आणि त्यासाठी वर्षाला १ कोटी ८५ लाख. एक विजय देणारा आउटफिल्डर मायनर लीगमधून (खालच्या दर्जाच्या लीगमधून) वर आणला तर २०२५ चा किमान पगार ७ लाख ६० हजार होता. शिवाय ही घसरण सरासरी आहे. प्रत्यक्षात कोणी हळूहळू घसरत नाही. एकाचा खांदा जातो, दुसऱ्याचा बॅटचा वेग एकदम दोन मैल उतरतो, तिसरा ३५ व्या वर्षीही तसाच खेळतो.

हे सगळं क्लबांना माहीत आहे. तरी वर्षं वाढतात, कारण लक्झरी टॅक्स, म्हणजे संघाचा एकूण पगार मर्यादेबाहेर गेल्यावरचा कर, करारांच्या वार्षिक सरासरीवर मोजला जातो. २०२५ मध्ये मर्यादा २४ कोटी १० लाख होती. पहिल्यांदा ओलांडली तर वरच्या रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्यांदा ३०, तिसऱ्यांदा ५०. तीच रक्कम पाचऐवजी सात वर्षांत पसरली की सरासरी उतरते आणि याच वर्षीच्या यादीत आणखी एक पिचर बसतो. ब्राइस हार्परच्या १३ वर्षांच्या ३३ कोटींत हा हिशेब होता आणि तिथे तो शोभला, कारण तो २६ वर्षांचा होता. हुआन सोतोच्या १५ वर्षांच्या ७६ कोटी ५० लाखांनाही मी याच कारणाने नावं ठेवत नाही: वय २६, आणि २०२० ते २०२४ प्रत्येक हंगामात वॉक स्ट्राइकआउटपेक्षा जास्त. झोन ओळखणं हे वयाबरोबर सर्वांत हळू झिजणारं कसब. तीच युक्ती एकतिशीतल्या, झोनबाहेर बॅट फिरवणाऱ्या लेफ्ट फिल्डरवर लावणं म्हणजे यंदाचा कर वाचवायला पाच वर्षांनंतरची जागा गहाण टाकणं.

यावरचा आक्षेप रास्त आहे: छोटे करार एजंट स्वीकारत नाहीत. चौथं-पाचवं वर्ष दिलं नाही तर दुसरा क्लब देतो, खेळाडू जातो, चाहते शिव्या घालतात. खरंय, काही खेळाडू जातील. पण वर्षाचा भाव वाढवून तीन वर्षांवर आणणं जमतं. हर्नांडेझचंच पुढचं उदाहरण. ३३ होम रननंतर, बत्तिशीत पोचल्यावर, डॉजर्सनी त्याला तीन वर्षांचे ६ कोटी ६० लाख दिले. पाच दिले नाहीत. २०२५ मध्ये त्याने होम रन २५ मारले, पण वॉक ५३ वरून २६ वर आले आणि बेसवर पोचण्याचं प्रमाण .२८४ झालं. पाच वर्षांचा करार असता तर या एका आकड्याने सगळ्यांची झोप उडाली असती.

यात ड्राफ्टची, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या हक्काची, किंमतही धरायला हवी, ती बहुतेक वेळा विसरली जाते. जुन्या क्लबची क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या ठरीव रकमेचा प्रस्ताव), २०२४ च्या हिवाळ्यात २ कोटी १० लाख ५० हजारांची, नाकारून आलेला खेळाडू घेतला की लक्झरी टॅक्स भरणाऱ्या क्लबची दुसरी आणि पाचवी सर्वोच्च निवड जाते, शिवाय परदेशी खेळाडूंसाठीच्या निधीतले १० लाख डॉलर. एका वर्षाच्या कराराला हा भुर्दंड परवडत नाही. छोट्या करारासाठी शोधावं ते नुकत्याच संपलेल्या हंगामाच्या मध्यात संघ बदललेल्या किंवा ती ऑफर पूर्वी एकदा घेऊन झालेल्या खेळाडूंत. नियमानुसार त्यांना ती मिळूच शकत नाही.

एकतिशीतल्या आउटफिल्डरसाठी मी मांडेन तो करार असा: तीन वर्षं, पहिल्या वर्षी सर्वाधिक पगार, पहिल्या हंगामानंतर खेळाडूला बाहेर पडण्याची मुभा, चौथ्या वर्षाचा पर्याय क्लबकडे, पण तो आधीच्या दोन हंगामांत मिळून १,००० संधी पूर्ण झाल्या तर आपोआप लागू होणारा. खांद्याचा आणि मांडीच्या मागच्या स्नायूंचा एमआरआय सहीपूर्वी, आणि त्या अहवालात जुनी शस्त्रक्रिया दिसली तर चौथं वर्ष बाद. एजंट चार वर्षांची हमी मागेल. तेव्हा वर्षाला २० लाख वाढवून द्यावेत, वर्ष देऊ नये.